वार्धक्याची गंगाजळी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत महिला शाखेच्या वतीने झालेले भाषण)



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील एक पुष्प गुंफण्याचा मान महिला शाखेला मिळाला, याबद्दल आम्ही कार्यकारिणीच्या ऋणी आहोत. विषय निवडण्याचे स्वातंत्र्यही आम्हांला देण्यात आले होते. साहित्य, संगीत, संतवाङ्मय असे अनेक विषय पुढे आले. परंतु अखेरीस आम्ही जो निवडला तो तितकासा रम्य नाही. स्त्रीचे वार्धक्य निरामय कशाने होते, आणि त्यात तिच्या शिक्षणाचा व नित्याच्या सवयींचा वाटा किती, हा तो विषय होय. मंडळ पन्नास वर्षांचे झाले याचा सरळ अर्थ असा, की ज्या सुनांनी येथील पहिली हळदीकुंकवे मांडली त्या आज पंचाहत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्याविषयी बोलल्यावाचून हा महोत्सव पुरा व्हायचा नाही, असे आम्हांला वाटले.

भिलाईची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली. त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत विदर्भातून, खानदेशातून, देशावरून आणि कोकणातूनही तरुण अभियंते, कारागीर आणि कारकून या पोलादनगरीत आले, आणि त्यांच्यामागून त्यांचे संसार आले. त्या संसारांची धुरा वाहणाऱ्या स्त्रियांपैकी कोणी मॅट्रिक होत्या, कोणी व्हर्नाक्युलर फायनलपर्यंत शिकलेल्या, तर कित्येकींची शाळा चौथीतच सुटलेली. यात त्यांचा दोष नव्हता. १९५१ च्या जनगणनेत देशातील शंभर स्त्रियांपैकी जेमतेम नऊ साक्षर होत्या. २०११ साली ते प्रमाण शंभरात सुमारे पासष्ट झाले. म्हणजे आज आपल्या सभागृहात आजी, आई आणि नात अशा तीन पिढ्या शेजारी बसल्या असतील, तर त्या तिघींच्या बालपणात एका देशाचे तीन निरनिराळे देश झालेले आहेत. या अंतराचे परिणाम नोकरीवर आणि पगारावर होतात हे सर्वजण जाणतात. परंतु ते सत्तराव्या वर्षी स्मरणशक्तीवर, चालण्याफिरण्यावर आणि स्वावलंबनावरही होतात, ही गोष्ट आपल्याकडे तितकीशी बोलली जात नाही.

या बाबतीत सर्वांत बोलके उदाहरण दूरदेशीचे आहे. अमेरिकेत ‘स्कूल सिस्टर्स ऑफ नोत्र दाम’ या नावाचा जोगिणींचा एक संघ आहे. अध्यापन हे त्यांचे व्रत. डेव्हिड स्नोडन या संशोधकाने १९८६ साली मिनेसोटा राज्यातील त्यांच्या एका मठात अभ्यासाला प्रारंभ केला, आणि पुढे निरनिराळ्या प्रांतांतील ७५ वर्षांवरील ६७८ जोगिणी त्यात सहभागी झाल्या. दरवर्षी स्मरणाची व हालचालींची तपासणी करून घ्यायची, आणि मृत्यूनंतर आपला मेंदू अभ्यासासाठी द्यायचा, असा संकल्प त्या सर्वजणींनी केला. ज्यांनी आयुष्यभर शिकवले, त्यांनी मरणानंतरही शिकवण्याचे थांबवले नाही.

या अभ्यासाचे महत्त्व असे, की या स्त्रियांचे प्रौढ आयुष्य बहुतांशी एकसारखे होते. एकाच पंक्तीचे अन्न, सारखाच निवारा, वैद्यकीय मदत सारखी. लग्न नाही, बाळंतपण नाही, धूम्रपान नाही. बाह्य परिस्थिती एवढी समान असूनही त्यांचे वार्धक्य मात्र समान नव्हते. अधिक शिकलेल्या जोगिणी सर्वसाधारणपणे अधिक वर्षे जगल्या आणि अधिक काळ स्वतःचे काम स्वतः करू शकल्या. मठाच्या दप्तरात आणखी एक ठेवा सापडला. दीक्षा घेताना, सरासरी बाविसाव्या वर्षी, प्रत्येकीने स्वतःचे लहानसे आत्मवृत्त लिहून दिले होते. ज्यांचे ते तरुणपणीचे लेखन विचारांनी भरलेले व भाषेने समृद्ध होते, त्यांच्यात म्हातारपणी स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. ज्यांचे लेखन विरळ होते, त्यांच्यात ते अधिक आढळले. हा निष्कर्ष १९९६ साली प्रसिद्ध झाला. त्याहून विलक्षण गोष्ट अशी, की काही जोगिणींच्या मेंदूत मृत्यूनंतर अल्झायमर रोगाच्या खुणा स्पष्ट दिसल्या, पण हयातीत त्यांच्या बोलण्याचालण्यात त्याची लक्षणे दिसलीच नव्हती. रोग घरात शिरला होता; पण घर चालत राहिले होते.

हे कसे घडते? शास्त्रज्ञ त्याला मेंदूची राखीव शक्ती म्हणतात. आपल्याकडे त्यासाठी गंगाजळी हा नेमका शब्द आहे. सुगीच्या दिवसांत बाजूला ठेवलेले द्रव्य दुष्काळात जसे उपयोगी पडते, तद्वत बालपणी व तारुण्यात वाचन, लेखन, हिशेब, पाठांतर आणि विचार यांमुळे मेंदूत जी जोडणी होते, ती पुढे झीज सुरू झाल्यावर कामी येते. एक वाट बंद पडली तर दुसरी उपलब्ध असते. याखेरीज शिक्षणाचा दुसराही एक मार्ग आहे, आणि तो अधिक साधा आहे. शिकलेली स्त्री औषधाच्या वेष्टनावरील तारीख वाचते, डॉक्टरांना प्रश्न विचारते, बँकेत स्वतःच्या नावाने खाते ठेवते आणि दुखणे अंगावर काढण्याचे नाकारते. शिक्षण आणि सवयी या दोन निरनिराळ्या गोष्टी नव्हेत. पहिलीतून दुसरी पुष्कळदा उगवते.

आता आपल्या देशाकडे वळू. २०१७-१८ साली भारतात ४५ वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक व्यक्तींची एक विस्तृत पाहणी झाली. तिला जोडून झालेल्या अभ्यासातून असा अंदाज निघाला, की ६० वर्षांवरील दर शंभरांपैकी सात-साडेसात व्यक्तींना, म्हणजे देशभरात सुमारे ८८ लाख वृद्धांना स्मृतिभ्रंश आहे. पुरुषांत हे प्रमाण शंभरात सुमारे सहा, तर स्त्रियांत सुमारे नऊ. वय वाढते तसे ते वाढते हे खरेच. पण शिक्षण कमी असेल तेथेही ते अधिक आढळते, आणि या पिढीत स्त्री-पुरुषांच्या शिक्षणात केवढे अंतर होते ते आपण जाणतोच. त्यात २०११ च्या जनगणनेनुसार साठीपुढच्या व्यक्तींत स्त्रियांची संख्या सुमारे ५ कोटी ३० लाख, तर पुरुषांची ५ कोटी १० लाख होती. स्त्री अधिक जगते, पण पुष्कळदा वैधव्यात आणि परावलंबनात जगते. आयुष्याची लांबी मिळाली. तिला गुणवत्तेची जोड मिळाली नाही.

येथे कोणी विचारील, की ज्यांची शाळा साठ-सत्तर वर्षांपूर्वीच सुटली त्यांनी आता काय करावे? त्यांची गंगाजळी रिकामीच समजायची काय? आम्हांला तसे मुळीच वाटत नाही. शाळा आणि बुद्धी एक नव्हेत. खानदेशच्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. पण जात्यावर आणि शेतात त्यांनी रचलेली कविता आज विद्यापीठांत शिकवली जाते. शंभरेक ओव्या, सणवारांचा क्रम, चाळीस माणसांच्या स्वयंपाकाचे प्रमाण आणि चार पिढ्यांची नाती जिच्या डोक्यात पक्की बसलेली आहेत, तिचा मेंदू रिकामा कसा म्हणावा? संशोधकांनाही ही अडचण जाणवली आहे. वजाबाकी करा, वाक्य लिहा, अशा परीक्षा निरक्षर आजीबाईंना लावल्या तर त्या हमखास नापास व्हायच्या. म्हणूनच गेल्या शतकाच्या अखेरीस हरियाणातील बल्लभगढ येथे काम करणाऱ्या संशोधकांनी निरक्षर ग्रामस्थांसाठी त्यांच्या जीवनाशी जुळणाऱ्या स्मरणचाचण्या हिंदीत तयार केल्या.

शिवाय शिकण्याचे वय सरते असे नाही. लक्ष्मीबाई टिळकांना लग्नाच्या वेळी लिहितावाचता येत नव्हते. त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागले तेव्हा त्यांनी पासष्टी ओलांडली होती. १९०९ साली रमाबाई रानड्यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात सेवासदन उभे राहिले, ते प्रामुख्याने प्रौढ विवाहित व विधवा स्त्रियांच्या शिक्षणासाठीच. आणि अगदी अलीकडे, २०१६ च्या ८ मार्चला, ठाणे जिल्ह्यातील फांगणे या गावी साठीपुढच्या बायकांसाठी ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. गुलाबी लुगडी नेसून, पाठीवर दप्तर घेऊन आजीबाई शाळेत निघाल्या. वर्तमानपत्रांनी त्यांची छायाचित्रे कौतुकाने छापली. पण त्यातील खरी गोष्ट कौतुकाची नसून आरोग्याची आहे. घराबाहेर पडणे, समवयस्कांत बसणे आणि नवीन काही शिकणे, या तिन्ही गोष्टी त्या एकाच फेरीत साधत होत्या.

आपल्यासारख्या परप्रांतात स्थिरावलेल्या कुटुंबांना आणखी एक दिलासा आहे. हैदराबाद येथे निजाम्स इन्स्टिट्यूटमधील स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये रोगाची सुरुवात सरासरी साडेचार वर्षे उशिरा झाल्याचे दिसले, आणि हा फरक निरक्षर रुग्णांतही आढळला. या विषयावरील सर्व अभ्यासांचे एकमत नाही, हेही सांगितले पाहिजे. तरीही आमच्या ज्येष्ठ भगिनींनी घरात मराठी, बाजारात हिंदी आणि कामाला येणाऱ्या बाईशी छत्तीसगढी अशी जी कसरत चाळीस-पन्नास वर्षे केली, ती वाया गेलेली नाही असे मानण्यास जागा आहे. आणि ज्या घरांत नातवंडांशी मराठी बोलणे बंद पडले आहे, त्यांनी ध्यानात घ्यावे, की त्यामुळे नातवंडांचे तर नुकसान होतेच, पण आजीशी घरात दिवसभर बोलणारे कोणी उरत नाही.

आता सवयींकडे येऊ. २०२४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने स्मृतिभ्रंशाला हातभार लावणारी, परंतु बदलता येण्याजोगी चौदा कारणे सांगितली. बालपणी शिक्षण न मिळणे हे त्यांपैकी एक. बहिरेपण, उच्च रक्तदाब, मधुमेह, वाढलेले वाईट कोलेस्टेरॉल, लठ्ठपणा, व्यायामाचा अभाव, नैराश्य, एकाकीपण, न सुधारलेला दृष्टिदोष, धूम्रपान, अति मद्यपान, डोक्याला मार आणि हवेचे प्रदूषण ही बाकीची. ही सर्व कारणे दूर करता आली तर जगातील जवळजवळ ४५ टक्के रुग्णांचा रोग टाळता किंवा लांबवता येईल, असा या आयोगाचा अंदाज आहे. फिनलंडमध्ये ६० ते ७७ वर्षांच्या १२६० व्यक्तींवर दोन वर्षांचा एक प्रयोग झाला. त्याचा निष्कर्ष २०१५ साली आला. आहार, व्यायाम, बुद्धीला चालना आणि रक्तदाबादींवर देखरेख या चारही गोष्टी एकत्र केल्यावर त्या गटाची बौद्धिक क्षमता तुलनेच्या गटापेक्षा अधिक चांगली राहिली. साठीनंतरही उशीर झालेला नसतो, असा त्याचा इत्यर्थ.

या यादीत आपल्या घरच्या काही सवयींची भर घालणे आम्हांला आवश्यक वाटते. पहिली सवय सर्वांत शेवटी जेवण्याची. पुरुष आणि मुले जेवून उठल्यावर उरलेला भात, तळाची आमटी आणि सकाळची शिळी पोळी खाऊन कित्येक स्त्रियांनी हयात काढली. डाळ, दूध, अंडी यांतील प्रथिने त्यांच्या वाट्याला कमी आली. शरीराच्या दर किलो वजनामागे रोज सुमारे ०.८ ग्रॅम प्रथिने लागतात. पन्नास किलो वजनाच्या स्त्रीला चाळीस ग्रॅम. वाटीभर पातळ वरणाने ती गरज भागत नाही. दुसरी सवय उपासांची. श्रद्धेविषयी आमचे काही म्हणणे नाही. पण साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, आणि मधुमेह असताना आठवड्यात दोन दिवस खिचडीवर काढणे हे व्रत नसून अपाय आहे. तिसरी सवय मशेरीची. सिगारेट आमच्या बायका ओढत नाहीत, असे आपण अभिमानाने म्हणतो. पण भाजलेली तंबाखू दातांना लावणे हेही तंबाखूचेच सेवन होय. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत सुमारे १३ टक्के स्त्रिया धूरविरहित तंबाखू वापरत असल्याचे आढळले. चौथी सवय लोणचे-पापडांची. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे साधारण चहाचा एक चमचा मीठ पुरे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

रजोनिवृत्तीनंतर स्त्रीच्या हाडांची झीज वेगाने होते, हे तर प्रत्येक घरात ठाऊक असले पाहिजे. न्हाणीघरातील ओली फरशी, जिन्यातला मंद दिवा आणि पायात अडकणारा साडीचा घोळ यांमुळे खुब्याचे हाड मोडते, आणि कालपर्यंत फिरणारी बाई अंथरुणाला खिळते. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. हीच नाचणी येथे मडिया या नावाने मिळते. तिची भाकरी वा आंबील, थोडे तीळ, दूध-दही आणि अंगावर सकाळचे ऊन, हे कोणत्याही घराला परवडणारे आहे. परंतु हाडांना आणि स्नायूंना कामही हवे. ‘घरात दिवसभर उभीच असते, वेगळा व्यायाम कशाला?’ असे उत्तर आम्ही नेहमी ऐकतो. उभे राहून थकणे म्हणजे व्यायाम नव्हे. आठवड्यात किमान १५० मिनिटे दमदार चालणे, आणि पासष्टीनंतर तोल सांभाळण्याचा व बळ राखण्याचा व्यायाम आठवड्यातून तीनदा, असा संकेत आहे. हातांचा आधार न घेता खुर्चीवरून दहा वेळा उठणे-बसणे, इतकी साधी सुरुवात चालेल.

कान आणि डोळे यांकडे तर फारच दुर्लक्ष होते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ‘पुढच्या वर्षी’वर ढकलली जाते, आणि कानाचे यंत्र म्हणजे चैन समजली जाते. ऐकू न आल्यामुळे भलतेच उत्तर दिले की घरात हशा पिकतो. दोनदा-चारदा असे झाले की ती बाई बोलणेच सोडते. मग सगळे म्हणतात, आईंचे आताशा कशात लक्ष नसते.

बंधुभगिनींनो, येथे आम्ही आमच्या मुख्य मुद्द्याशी येतो. आपल्या वसाहतीतील क्रम ठरलेला आहे. नोकरी संपली की क्वार्टर सुटते. मागच्या अंगणातली कढीलिंबाची आणि शेवग्याची झाडे तेथेच राहतात. मुलगा बंगळूरला किंवा पुण्याला असतो. तो आईवडिलांना प्रेमाने नेतो. अकराव्या मजल्यावरच्या घरात सून अदबीने म्हणते, ‘आई, आयुष्यभर पुष्कळ केलेत, आता तुम्ही नुसत्या बसा.’ या वाक्यात माया आहे, यात शंका नाही. पण जिचे काम, जिची माणसे, जिची भाषा आणि जिचा रस्ता एकाच वेळी काढून घेतला, तिच्याजवळ बसण्याखेरीज राहते काय? विश्रांती आणि निरुपयोगीपणा यांतील सीमारेषा फार पातळ आहे. तिच्यावर ओझे टाकू नये. पण भाजी निवडण्यापासून घरखर्चाच्या वहीपर्यंत एखादी जबाबदारी तिच्या हाती अवश्य राहू द्यावी.

एक सावधगिरीची सूचना करतो. एवढे सारे करूनही रोग येणारच नाही अशी हमी कोणी देऊ शकत नाही. अतिशय शिकलेल्या, नेमस्त आहार-विहाराच्या व्यक्तींनाही स्मृतिभ्रंश होतो. तो झाला म्हणून रुग्णाला वा त्याच्या घराला बोल लावणे हा निर्दयपणा होईल. त्या घरात सेवेचा भार बहुधा सुनेवर किंवा मुलीवर पडतो, आणि तिचेही वार्धक्य तेथेच घडत असते, हे आपण विसरू नये.

भाषणे ऐकून घरी जाण्याने काही साधत नाही. म्हणून आम्ही मंडळापुढे चार सूचना ठेवतो. पहिली, मंडळाचे वाचनालय आठवड्यातून तीन दिवस दुपारी ज्येष्ठ भगिनींसाठी उघडे ठेवावे, आणि ज्यांना वाचता येत नाही किंवा दिसत नाही त्यांच्यासाठी तेथे मोठ्याने वाचन व्हावे. ज्यांना घरून येणे जमत नाही त्यांना आणण्या-पोहोचवण्याचे काम तरुण सभासदांनी वाटून घ्यावे. दुसरी, वर्षातून दोनदा रक्तदाब, साखर, डोळे आणि कान यांची तपासणी व्हावी, आणि तिच्या नोंदी जपून ठेवाव्यात. तिसरी, साठीपुढच्या प्रत्येक भगिनीने आपले माहेर, सासर आणि भिलाईतील पहिली वर्षे यांविषयी चार पाने लिहावी वा सांगावी, नातवंडांनी ती उतरून घ्यावी. त्या जोगिणींच्या मठात दप्तर होते. आपल्या मंडळात का नसावे?

चौथी सूचना आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. आपल्या घरी धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईची मुलगी आठवी-नववीत शाळा सोडते, आणि आपल्याला त्याचे फारसे काही वाटत नाही. वार्धक्याची गंगाजळी बालपणी भरावी लागते, हे आज आपण ऐकले. ती मुलगी २०८० च्या सुमारास सत्तरीत पोहोचेल. तिचे ते म्हातारपण कसे जाईल, याचा पुष्कळसा निर्णय आज तिच्या वह्यांच्या आणि फीच्या पैशांवर अवलंबून आहे. महोत्सवाच्या शिलकीतून अशा मुलींसाठी मंडळाने कायम निधी काढावा, आणि त्या निधीचा पहिला हप्ता महिला शाखेने आपल्या भिशीतून द्यावा, असे आम्ही ठरवले आहे. तो आज कार्यवाहांच्या स्वाधीन करतो.